नावाला चालते ती देवनागरी पत्त्याला का चालत नाही? ईमेलची मानकं लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सचे ईमेल कार्यगट, आणि त्यांची मानकं वाचून मेल सर्व्हर, मेल प्रोग्राम आणि वेबवरचे फॉर्म घडवणारी सगळी मंडळी

स. न. वि. वि.

मध्यंतरी एका वेबसाइटवर खातं उघडत होतो. फॉर्म चांगला मराठीत होता. 'नाव' या चौकटीत देवनागरीत नाव लिहिलं, ते तिने निमूट घेतलं. 'ईमेल' या चौकटीत माझा देवनागरी पत्ता लिहिला आणि चौकटीला लाल कड आली. खाली सूचना: 'कृपया वैध ईमेल पत्ता भरा.' सूचनेत ऱ्हस्वदीर्घाचीसुद्धा चूक नव्हती. पाचच मिनिटांपूर्वी त्या पत्त्यावर मला एक मेल आली होती, आणि आता तो पत्ता अस्तित्वातच असू शकत नाही असं मला माझ्याच भाषेत सांगितलं जात होतं.

शेवटी इंग्रजी अक्षरांतला जुना पत्ता दिला आणि काम उरकलं. सगळेच तसं करतात, म्हणून तर ही तक्रार कुणाच्या कानापर्यंत जात नाही.

हे पत्र त्या वेबसाइटला नाही. तिथल्या प्रोग्रामरने वेबच्या मानकातला तयार साचा उचलला असणार, आणि एचटीएमएलमधली ईमेलची चौकट ज्या साच्यावर पत्ता तपासत आली आहे त्यात 'ॲट'च्या चिन्हाच्या डावीकडे फक्त इंग्रजी मुळाक्षरं, आकडे आणि काही ठरावीक खुणा बसतात. त्याने नियम पाळला. माझं म्हणणं नियम लिहिणाऱ्यांशी आहे. मेल सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हे म्हणणं थोडं आतल्या बाजूने मांडतो.

आधी तुमचं देणं मान्य करतो. ऑक्टोबर १९६९ मध्ये व्हिंट सर्फ यांनी आरएफसी २० लिहिला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित कागद) आणि नेटवर्कवर अक्षरं पाठवायला ॲस्की ही इंग्रजी अक्षरांची संकेतसूची ठरली: सात बिट, १२८ जागा, त्यांत छापता येणारी चिन्हं ९५. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांचा आरएफसी ८२१ आणि डेव्हिड क्रॉकर यांचा आरएफसी ८२२ आला. मेल कशी न्यायची आणि कशी मांडायची, दोन्ही गोष्टी त्याच सात बिटांत बांधल्या गेल्या. त्यात कुणाचा दुजाभाव होता असं मला वाटत नाही. यंत्रं लहान होती, तारा मंद होत्या, आणि मेल पाठवणारी माणसं मोजकी होती. पण परिणाम असा झाला की आठवा बिट वाटेतला कुठलाही सर्व्हर खुशाल कापू शकत होता, आणि कापतही होता.

लोकांनी त्यातूनही वाटा काढल्या. रशियन लोकांची कोई८ ही अक्षररचना मला आजही हुशारीचा नमुना वाटते. त्यांनी प्रत्येक रशियन अक्षर त्याच उच्चाराच्या लॅटिन अक्षराच्या बरोबर समोर ठेवलं. आठवा बिट कापला गेला तर मजकूर लॅटिन लिपीत उतरायचा. लहान-मोठी अक्षरं उलटी व्हायची, पण वाचता यायचा. म्हणजे अपघात होणारच हे धरून केलेली आखणी. जपान्यांनी मजकुराच्या मध्येमध्ये खुणेचे संकेत पेरून सात बिटांतच हजारो अक्षरं बसवली. वाटेत त्या खुणा गळाल्या की मागे निव्वळ चिन्हांचा कचरा उरायचा, आणि त्या कचऱ्याला त्यांनी 'मोजिबाके' हा शब्दही देऊन टाकला. आम्ही देवनागरीवाल्यांनी वेगळीच युक्ती केली: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट. मेलच्या लेखी मजकूर इंग्रजीच, मराठी फक्त डोळ्यांपुरती, आणि तीही समोरच्याकडे तोच फॉन्ट असेल तर. मग मेलला फॉन्टची फाइल जोडायची आणि वर लिहायचं, 'आधी हा फॉन्ट टाका, मग वाचा.' हे वाक्य अर्थातच इंग्रजीत लिहावं लागायचं.

जून १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी आरएफसी १३४१ म्हणजे माइम आणलं. त्याच्या पाठोपाठचा आरएफसी १३४२ कीथ मूर यांचा, विषय आणि नावं यांच्यासाठीचा. त्यातलं शहाणपण आजही पुरतंय: वाटेतल्या एकाही सर्व्हरला त्यांनी बदलायला सांगितलं नाही. मजकूर कुठल्याही लिपीतला असो, त्याचे तीन बाइट घ्यायचे, त्यांची चार साधी ॲस्की अक्षरं करायची, जुनाट सर्व्हरच्या हातून ती तशीच पुढे जाऊ द्यायची आणि पोचल्यावर उलगडायची. पाठवणारा आणि घेणारा यांचे प्रोग्राम सुधारले की झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ची, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या पद्धतीची, रचना केली. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, म्हणजे माइमच्या या हिशेबात बरोबर चार अक्षरांचं. मेलचं वजन एक तृतीयांशाने वाढतं, पण वाढू दे.

त्या व्यवस्थेतही गोष्टी बिघडतात. मजकूर यूटीएफ-८ आहे हे सांगणारं लेबल वाटेत हरवलं की उघडणारा प्रोग्राम एकेक बाइट सुटा वाचतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो, त्यामुळे पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या लॅटिन 'ए'ची रांग लागते. दुसरा बाइट दोनच प्रकारचा. व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी यांना चलनाचं सर्वसाधारण गोल चिन्ह येतं. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि मोडलेला पाय यांना जपानी येनचं. 'नमस्कार' असा फुटला तर त्यात सहा गोल चिन्हं आणि एकच येन दिसतो, तो पाय मोडलेल्या 'स'चा. कचऱ्यात येन किती आहेत त्यावरून मूळ मजकुरात जोडाक्षरं आणि मात्रा किती होत्या याचा अंदाज मी बांधायला लागलो होतो. हे कौशल्य अंगी बाणावं लागू नये.

विषयाच्या ओळीचा एक किस्सा सांगतो, कारण मानकातल्या एका आकड्याचं पुढे काय होतं ते त्यात दिसतं. विषयातला बिगर-ॲस्की मजकूर तुकड्यांत बांधायचा आणि एक तुकडा ७५ अक्षरांहून मोठा नको, असा तुमचा नियम. पुढची-मागची बांधणी १२ अक्षरं खाते. उरलेल्यात चाराच्या पटीत ६० बसतात, म्हणजे मूळचे ४५ बाइट, म्हणजे देवनागरीची १५ चिन्हं, काना-मात्रा धरून. आम्ही वापरत होतो तो एक प्रोग्राम डोळे मिटून दर ४५ बाइटला कात्री लावायचा. चिन्ह मध्येच कापू नये असं मानक बजावतं, पण त्याच्या लेखकाने ते वाचलं नसावं. ४५ ला तीनने भाग जातो, म्हणून सलग देवनागरी धड जायची. पण शब्दांमधली मोकळी जागा एका बाइटची असते. पहिल्या तुकड्यात अशी एक किंवा दोन जागा आल्या की कात्री अक्षराच्या पोटात जायची आणि विषयाच्या मध्ये प्रश्नचिन्हाचे काळे चौकोन उमटायचे. तीन जागा आल्या की पुन्हा सगळं ठीक. 'कधी फुटतं, कधी फुटत नाही,' एवढीच तक्रार माझ्यापर्यंत आली होती. मी विषयांमधल्या मोकळ्या जागा मोजत एक अख्खा दिवस घालवला, तेव्हा उलगडा झाला. तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतःच्या भाषेत चाचणी केली असती तर त्याला हा दोष जन्मात दिसला नसता.

असो. दुरुस्तीला एक दिवस लागला, पण तो दोष माझ्या हातचा होता. आता जे सांगायचं आहे ते माझ्या हातचं नाही.

माइमने मजकूर सोडवला, विषय सोडवला, पाठवणाऱ्याचं नाव सोडवलं. पत्ता सोडवला नाही. बांधलेला तुकडा पत्त्याच्या आत येता कामा नये, असं त्या मानकात स्पष्ट लिहिलं आहे, आणि त्याला कारणही आहे: 'ॲट'च्या डावीकडच्या भागाचा अर्थ फक्त शेवटचा सर्व्हर लावणार, बाकी कुणी त्यात हात घालायचा नाही. उजवीकडच्या डोमेनचं त्यामानाने सोपं झालं. २००३ मध्ये प्युनिकोड आलं आणि कुठल्याही लिपीतलं डोमेन ॲस्कीच्या सांकेतिक रूपात बदलायची सोय झाली. मे २०१० मध्ये अरबी लिपीतली पहिली देशांची डोमेन सुरू झाली. डावा भाग मात्र तसा बदलता येत नाही. परिणामी १९९२ पासून माझं नाव मेलमध्ये देवनागरीत झळकू शकतं आणि त्याच्या शेजारच्या कंसातला पत्ता लॅटिनच. नावापुरती देवनागरी, यापेक्षा शब्दशः उदाहरण सापडणार नाही.

तुम्ही यावर काम केलं नाही असं मी म्हणणार नाही. २००६ मध्ये त्यासाठी गट बसला, आधी प्रयोग म्हणून काही मानकं निघाली, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये आरएफसी ६५३० पासून ६५३३ पर्यंतचा संच आला. प्रयोगाच्या काळात एक कल्पना होती: पत्त्यासोबत एक पर्यायी ॲस्की पत्ता जोडायचा, आणि पुढचा सर्व्हर जुना निघाला तर वाटेतच मेल त्या पर्यायी पत्त्यावर उतरवायची. ती तुम्ही टाकून दिलीत, आणि माझ्या मते योग्य केलंत. वाटेत कुणीतरी पत्ते बदलतोय अशा मेलवर भरवसा कसा ठेवायचा?

पण ती वाट बंद केल्यावर काय उरलं ते बघा. दोन सर्व्हर जोडले जातात तेव्हा समोरचा आपल्या अंगचे गुण एकेका ओळीत सांगतो: साइझ, पाइपलायनिंग, एटबिटमाइम, स्टार्टटीएलएस. त्या यादीत एसएमटीपीयूटीएफ८ ही, म्हणजे 'बिगर-ॲस्की पत्तेही घेतो' असं सांगणारी, ओळ असेल तरच देवनागरी पत्त्याची मेल पुढे जाते. नसेल तर थांबते आणि पाठवणाऱ्याकडे परत येते, ५.६.७ हा संकेत घेऊन. माझ्या सर्व्हरवरच्या पोस्टफिक्स या मेल प्रोग्रामच्या नोंदीत त्याचा मजकूर असा: एसएमटीपीयूटीएफ८ लागतं, पण समोरच्याने ते देऊ केलं नाही. समोरचा पत्ता साधा इंग्रजी असला तरी हेच घडतं, कारण पाठवणाऱ्याच्या रकान्यात माझा पत्ता आहे. ज्याला देवनागरी वाचायचीही नाही आणि लिहायचीही नाही, त्याला मी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या तरी त्या त्याच्यापर्यंत जात नाहीत.

यापेक्षा वाईट सीसीत होतं. सहा जणांची मेल, पाच इंग्रजी पत्ते, एक माझा. माझा पत्ता वरच्या रकान्यात आल्याबरोबर ती अख्खी मेलच नव्या प्रकारची होते. पाचांपैकी दोघांचे सर्व्हर जुने असतील तर त्यांना ती मिळत नाही. पाठवणाऱ्याला दोन बाउन्स, म्हणजे 'मेल पोचली नाही' अशा सूचना, येतात, दोन्ही इंग्रजीत, दोन्ही अगम्य. तो बिचारा खटपट करतो, एकेक पत्ता काढून बघतो, आणि माझा काढल्यावर मेल सगळ्यांना जाते. मग तो पुढच्या वेळेपासून मला सीसीत घेत नाही. त्यात त्याचा काही आकस नसतो. मला वगळलं गेलं हे मलाही कळत नाही, कारण न आलेली मेल दिसत नसते.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. माइम ऐच्छिक राहिलं तरी पसरलं, कारण त्याला फक्त दोन टोकं लागत होती. मला फायदा हवा असेल तर मी माझा प्रोग्राम बदलायचा, माझ्या मित्राने त्याचा. मधल्यांना पत्ताही लागायचा नाही. एसएमटीपीयूटीएफ८ ला वाटेतला प्रत्येक सर्व्हर लागतो: बाहेर पाठवणारा, स्पॅम गाळणारा, पुढे ढकलणारा, साठवणारा. आणि खर्च ज्याला करायचा त्याला फायदा नाही; फायदा मला, आणि मी त्याचा ग्राहकही नाही. अशी गोष्ट ऐच्छिक ठेवून, माइमसारखी तीही हळूहळू पसरेल अशी वाट बघणं मला पटत नाही. पोस्टफिक्सच्या ३.० आवृत्तीत २०१५ पासून ही सोय आहे. जीमेलने ऑगस्ट २०१४ पासून अशा पत्त्यांशी देवाणघेवाण सुरू केली. म्हणजे प्रोग्राम लिहिणं अवघड होतं असंही नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला ते चालू करायचं कारण मिळालेलं नाही, इतकंच.

'आमच्याकडे प्रोटोकॉलचे पोलीस नाहीत,' हे तुमचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. १९९२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी म्हटल्याप्रमाणे तुम्ही राजे, अध्यक्ष आणि मतदान मानत नाही. ढोबळ एकमत आणि चालता कोड मानता. मान्य. पण तुमच्या कागदावर 'करावंच', 'करावं' आणि 'केलं तर चालेल' यांत फरक असतो, आणि त्या फरकाला बाजारात वजन असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनची आहे का ते पडताळायच्या पद्धती) बंधनकारक केलं, तेव्हा वर्षानुवर्षं 'बघू पुढे' म्हणणाऱ्यांनीही घाईघाईने डीएनएसच्या नोंदी नीट केल्या. त्या धावपळीत मीही होतो. ती तिन्ही आरएफसींत आधीच पडून होती. कुणीतरी 'नाहीतर मेल घेणार नाही' म्हणेपर्यंत ती ऐच्छिकच होती.

तुमचंच एक जुनं वाक्यही आठवून देतो. जानेवारी १९९८ मध्ये हॅरल्ड आल्व्हेस्ट्रांड यांनी लिहिलेल्या आरएफसी २२७७ मध्ये तुम्ही ठरवलंत की मजकुरासाठी यूटीएफ-८ वापरता यायलाच हवं. त्याच कागदात एक भेदही केलात: भाषांची सोय माणसांसाठी असते, म्हणून ती मजकुराला लागू, प्रोटोकॉलला नाही. भेद बरोबर आहे. दोन सर्व्हर एकमेकांना 'एहलो' म्हणतात तो मराठीत 'राम राम' करा असं कुणी सुचवलेलं नाही. पण ईमेलचा पत्ता त्या भेदाच्या कुठल्या बाजूला पडतो? तो फोनवर एकेक अक्षर करून सांगितला जातो, पाटीवर रंगवला जातो, कागदावर हाताने लिहिला जातो, पाठ केला जातो. सर्व्हरच्या दृष्टीने ती खूण असेल, पण ती वागवणारी माणसंच आहेत. आणि आता तर त्याच पत्त्याने खाती उघडतात, पासवर्ड परत मिळतो, ओळख पटवली जाते.

सगळा दोष तुमच्या पदरात टाकून मी मोकळा होत नाही. पत्ता देवनागरीत आला की आमच्या बाजूने घरकाम वाढतं, आणि तेही नियमात यायला हवं. मराठीतला एक जुना विनोद आहे: 'आचार्यांना' बोलावलं की 'आचाऱ्यांना'? एक पूज्य, दुसरा स्वयंपाकी. दोन्हींतला फरक एका अर्ध्या 'र'चा. दऱ्याखोऱ्यांतला हा 'र' संगणकात तीन तऱ्हांनी लिहिता येतो: स्वतंत्र 'ऱ' चा पाय मोडून, 'र' ला नुक्ता लावून पाय मोडून, किंवा साध्या 'र' चा पाय मोडून त्यामागे अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर तिन्ही एकसारखे. आरएफसी ६५३२ एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची जी रीत सुचवतो, म्हणजे एनएफसी, त्याने पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरी वेगळीच राहते. कुठला कीबोर्ड काय उमटवेल याचा नेम नाही. म्हणजे आडनावात असा 'र' असलेल्या माणसाचा पत्ता एकाने अचूक लिहिला तरी तो दुसऱ्याच्या अचूक लिहिण्याशी जुळेलच असं नाही. आणि एखाद्या उत्साही प्रोग्रामने 'दिसत नाही म्हणजे फालतू' असं ठरवून ते अदृश्य चिन्ह गाळलं, तर आचाऱ्यांची मेल थेट आचार्यांच्या दारात.

डोमेनच्या बाबतीत तुम्ही हे शिकलात. २००३ च्या नियमांत ही अदृश्य चिन्हं सरसकट गाळली जात होती. २०१० च्या नियमांत ती पाय मोडलेल्या अक्षरामागे चालतात. डाव्या भागासाठी तेवढ्या नेमकेपणाने सर्व्हरवाल्यांना कुणी सांगितलेलं नाही. अर्थ लावणं शेवटच्या सर्व्हरचा हक्क आहे हे खरं, पण पत्ता देतानाच या तीन तऱ्हा एक धराव्यात, एकाला दिलेला पत्ता दुसऱ्या तऱ्हेने तिसऱ्याला देऊ नये, एवढी साधी सूचना तरी लिपीगणिक असायला हवी. ती लिहायला त्या त्या लिपीतली माणसं बोलवा. आम्ही येऊ.

लांबीचाही हिशेब करा. डाव्या भागाला ६४ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजीत ती कुणाला जाणवतही नाही. ज्ञानेश्वर हे नाव आणि राजाध्यक्ष हे आडनाव घ्या. इंग्रजी स्पेलिंगने, मधला टिंब धरून, २४ बाइट होतात; ४० उरतात. देवनागरीत 'ज्ञानेश्वर' ३०, टिंब एक, 'राजाध्यक्ष' ३०: एकूण ६१. उरले तीन बाइट, म्हणजे एक काना. वडिलांचं नाव मध्ये घालायचं असेल तर विसराच. १९८२ मध्ये ६४ बाइट म्हणजे ६४ अक्षरं होती; आता काहींना ६४ अक्षरं मिळतात आणि काहींना २१ चिन्हं. ही मर्यादा वाढवणं सोपं नाही, जुन्या प्रोग्राममध्ये तेवढ्याच लांबीचे रकाने कोरून ठेवलेले आहेत, हे मी जाणतो. म्हणून ती मागणी मी आज रेटत नाही. पण नवं काही लिहाल तेव्हा मोजमाप बाइटमध्ये का अक्षरांत, हा प्रश्न बैठकीत पहिल्या दिवशी निघू द्या.

फसवणुकीचा आक्षेप नेहमी येतो: रशियन 'ए' लॅटिन 'ए'सारखाच दिसतो, मग खोटे पत्ते बनतील. बनतील. ॲस्कीत एक हा आकडा आणि एल हे अक्षर, शून्य आणि ओ, यांनी आजवर काही कमी लोक फसले नाहीत. एका पत्त्यात लिप्यांची सरमिसळ होऊ न देणं हा उपाय आहे, आणि तो वापरात आहे. जीमेलनेही २०१४ मध्येच युनिकोडच्या कडक निकषात न बसणाऱ्या मिश्रणांना अडवायचं ठरवलं. दुसरा आक्षेप, 'मला तुमचा पत्ता टाइप कसा करता येणार?' पत्ता तुम्ही शेवटचा अक्षर-अक्षर टाइप कधी केलात ते आठवा. बहुतेक वेळा आपण उत्तराचं बटण दाबतो. आणि ज्याला परक्या लिपीच्या लोकांशी रोजचा संबंध आहे तो लॅटिन पत्ताही ठेवेल, मीही ठेवला आहे. तो ठेवायचा की नाही हे मला ठरवू द्या.

तर मागणं असं. ईमेलकोअर नावाचा गट नेमून तुम्ही मूळ मानकांची उजळणी हाती घेतलीत, ती मर्यादित ठेवायची हेही ठरवलंत. मर्यादा का घातली ते समजतं. चाळीस वर्षं चालणाऱ्या गाड्याचं चाक चालता चालता बदलायचं आहे. पण एसएमटीपीयूटीएफ८ हे पुरवणीतून काढून गाभ्यात आणायचा निर्णय कधीतरी घ्यावाच लागेल, आणि तो आताच घ्या. तारीख लावा. पाच वर्षं द्या, सात द्या. त्या तारखेनंतर ही ओळ न सांगणारा सर्व्हर अपुरा समजला जाईल, असं 'करावंच' या शब्दात लिहा. सगळे पाळणार नाहीत, ठाऊक आहे. पण निविदा लिहिणारा, सर्व्हर विकत घेणारा आणि माझ्यासारखा वरिष्ठांकडे परवानगी मागणारा, यांना बोट ठेवायला एक ओळ मिळेल. सध्या मी परवानगी मागायला गेलो की 'ऐच्छिक आहे ना?' एवढाच प्रश्न येतो आणि विषय संपतो.

फॉर्म घडवणाऱ्यांना वेगळं एवढंच: पत्ता साच्यात घालून तपासू नका. 'ॲट' आहे का ते बघा, डोमेन खरं आहे का ते बघा, आणि खात्रीची मेल पाठवून द्या. ती पोचली तर पत्ता वैध, नाही पोचली तर नाही. डेटाबेसमधला रकाना यूटीएफ-८ आहे ना, हेही एकदा उघडून पाहा, कारण बाहेरची चौकट सुधारली आणि आतल्या रकान्यात प्रश्नचिन्हं साठली, असंही मी पाहिलं आहे.

या पत्राची एक प्रत तुम्हाला मेलनेही पाठवतो आहे, देवनागरी पत्त्यावरून. परत आली तर आलेला बाउन्स जोडून दुसरी प्रत इंग्रजी पत्त्यावरून पाठवीन.

कळावे,
लोभ असावा,
एक मेलवाला